विस्तवाला हवा किती

कोळशाच्या ग्रिलला बटण नसतं. मोठी आच, मध्यम आच, 'सिम' असं गॅसवर चिमटीत येतं, तसं इथे काही नाही. एक गोल लोखंडी भांडं, त्यावर तसंच गोल झाकण, आत दोन जाळ्या, बुडाला एक झरोका आणि झाकणावर एक. एवढ्या सामानावर कोळंबी चार मिनिटांत भाजून होते आणि त्याच सामानावर डुकराच्या खांद्याचा चार किलोंचा तुकडा चौदा तास मंद शिजतो. कोळसा तोच, भांडं तेच. बदलते ती हवा.

गेली तीन वर्षं मी ऑस्टिनमध्ये राहतो. घर भाड्याचं आहे, पण मागे थोडं अंगण आहे, आणि टेक्सासमध्ये अंगण असलं की त्यात ग्रिल येतोच. माझ्याकडे येणारी मराठी माणसं तो उघडून बघतात आणि बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "आच कमी करायची तर कोळसा कमी घालायचा, एवढंच ना?" एवढंच नाही. गंमत खरी तिथेच आहे.

एक किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळायला सुमारे साडेअकरा किलो हवा लागते. ही हवा म्हणजे साधारण साडेनऊ हजार लिटर. आपल्याकडे इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरच्या काळ्या टाक्या असतात, तशा साडेनऊ टाक्या भरून हवा. किलोभर कोळसा दोन्ही हातांत मावतो, पण त्याला लागणारी हवा खोलीभर असते. म्हणून भांड्यात तीन किलो कोळसा ओतला तरी बुडाच्या झरोक्यातून जेवढी हवा आत येईल तेवढाच तो जळणार. कोळसा ही बँकेतली शिल्लक आणि झरोका हे एटीएम. खात्यात कितीही असो, एका वेळी मशीन देईल तेवढंच हातात पडतं. कोळसा ठरवतो विस्तव किती वेळ टिकेल, आणि हवा ठरवते तो किती तापेल.

हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. कोळशाच्या शेगडीला बुडाशी एक छोटी खिडकी असते. पेटवताना तिच्यासमोर पुठ्ठ्याने वारा घालायचा, आणि दूध आटवायचं असेल तर निखाऱ्यांवर राख ओढायची. राख ओढणं म्हणजे हवेची वाट अडवणं. मराठीत विस्तवाला शब्दही किती आहेत! आच, आर, धग, ताव, निखारा, धुमसणं, रसरसणं, निवणं. हे सगळे शब्द तापमान सांगतात, तेही तापमापक नसताना.

शेगडीला नसतं ते झाकण. १९५२ साली शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ काम करत होता. तिथे पाण्यावर तरंगणारे खुणेचे गोल, म्हणजे बॉय, बनत. उघड्या ग्रिलवर वारा आणि पाऊस आच टिकू देत नाहीत म्हणून तो वैतागलेला होता. त्याने असाच एक धातूचा गोल मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्याचं झाकण केलं. आजचा केटल ग्रिल तो हाच. झाकणाने वारा अडला, ही झाली छोटी गोष्ट. मोठी गोष्ट अशी की हवा आत यायला आणि बाहेर जायला ठरलेल्याच वाटा उरल्या, आणि म्हणून ती मोजून देता यायला लागली.

झाकणाचा आणखी एक उपयोग कोकणातल्या बायकांना फार आधीपासून माहीत आहे. तवशाचं धोंडस करताना पातेल्याखाली निखारे ठेवतात आणि झाकणावरही ठेवतात. खालून आणि वरून अशी दोन्हीकडून धग लागली की धोंडस मधोमध कच्चं राहत नाही. केटलचं झाकण निखाऱ्यांशिवाय तेच काम करतं. गरम हवा वर जाते, घुमटाला लागून फिरते आणि वरच्या अंगानेही पदार्थ शिजवते. ग्रिलवर झाकण ठेवलं की त्याची भट्टी होते.

आता प्रत्यक्ष काम. कोळसा पेटवायला इथे पत्र्याचं एक नळकांडं मिळतं, त्याला चिमणी म्हणतात. खालच्या कप्प्यात वर्तमानपत्राचे दोन बोळे, वर कोळसा. कागद पेटला की गरम हवा वर धावते, खालून नवी ओढली जाते, आणि पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांवरही राखेचा पांढरट थर दिसतो. घासलेट नाही, फुंकणी नाही.

निखारे तयार झाले की ते भांडंभर पसरायचे नाहीत. सगळे एका बाजूला रचायचे आणि दुसरी बाजू रिकामी सोडायची. एवढं जरी केलं तरी आचेवरचा निम्मा ताबा हातात येतो. निखाऱ्यांच्या थेट वर पदार्थाला धग लागते ती किरणांनी. ही धग तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. सहाशे अंशांचा निखारा आठशेवर गेला तर त्याची धग सव्वादोन पटींहून जास्त होते. म्हणून फुंकर मारली की पापड क्षणात काळा पडतो. रिकाम्या बाजूला ही किरणं थेट पोहोचत नाहीत, तिथे फक्त गरम हवा असते. कोंबडीची तंगडी आधी रिकाम्या बाजूला झाकण घालून आतपर्यंत शिजवायची आणि शेवटी दोन मिनिटं निखाऱ्यांवर आणून कातडी खरपूस करायची. चरबी निखाऱ्यांवर ठिबकून भडका उडाला तर तुकडा उचलून पलीकडे ठेवायचा. दोन जागा असल्या की पळायला जागा असते.

चौदा तासांचं काम वेगळं. इथे हवं असतं २२५ ते २५० फॅरेनहाइट, म्हणजे साधारण १०७ ते १२० अंश सेल्सिअस, आणि तेही रात्रभर. सगळा कोळसा एकदम पेटवला तर तो तासाभरात तीनशेच्या घरात जातो आणि मग त्याला खाली आणणं कठीण. म्हणून न पेटलेल्या कोळशाचा ढीग करायचा आणि त्यावर दहा-बारा पेटलेले निखारे ठेवायचे. विस्तव हळूहळू शेजाऱ्याला लागत जातो. जिम मिनियन नावाच्या माणसाने ही रीत लोकप्रिय केली म्हणून तिला मिनियन पद्धत म्हणतात. केटलमध्ये याचाच एक अवतार चालतो: कडेने कोळशाच्या विटांची दुहेरी रांग सापासारखी मांडायची आणि एक टोक पेटवायचं. उदबत्ती जळते तशी ती रांग जळत जाते. इथे एकसारख्या आकाराच्या दाबीव विटा बऱ्या पडतात. लाकडाचा ओबडधोबड कोळसा जास्त तापतो, पण त्याच्या मोठ्या-बारीक तुकड्यांमध्ये हवा कुठून कशी जाईल याचा नेम नसतो.

झरोक्यांचा नियम सोपा आहे. वरचा उघडा ठेवायचा, आच सांभाळायची ती खालच्याने. वरचा बंद करून आच कमी करता येते, पण मग धूर आत कोंडतो. लाकूड अर्धवट जळलं की दाट पांढरा धूर येतो आणि मांसावर डांबरासारखा कडवट थर बसतो. हवा नीट खेळत असेल तर धूर विरळ, निळसर, जेमतेम दिसेल असा असतो. चव त्याच धुराची असते. नवख्याला भरपूर पांढरा धूर बघून बरं वाटतं, पण इथल्या मुरलेल्या माणसांना तो धूर दिसला की ते गप्प होतात.

हे सगळं कळायला एक संध्याकाळ पुरते. अवघड गोष्ट वेगळीच आहे, आणि ती माझ्या पेशातल्या माणसाला जास्त अवघड जाते. खालचा झरोका बोटभर सरकवला तर त्याचा परिणाम पंधरा-वीस मिनिटांनी दिसतो. लोखंड तापायचं असतं, नवे कोळसे पेटायचे असतात. दरम्यान काटा जिथल्या तिथे. मग हात शिवशिवतो आणि आपण झरोका अजून थोडा उघडतो. अर्ध्या तासाने दोन्ही बदल एकत्र येऊन धडकतात आणि काटा दीडशेच्या पुढे जातो. मग घाबरून बंद करायचं, आणि तो नव्वदवर येतो. नियंत्रणशास्त्रात याला उशिरा मिळणारा प्रतिसाद म्हणतात. गीझरचं पाणी एकदम थंड आणि एकदम कढत करत अंघोळ करणाऱ्याला ते शास्त्र न शिकता माहीत असतं.

झाकण उघडून बघणं हे त्याहून फसवं. उघडलं की आतली गरम हवा निघून जाते आणि काटा पडतो, म्हणून वाटतं विस्तव कमी झाला. प्रत्यक्षात त्याच क्षणी निखाऱ्यांना मोकळी हवा मिळालेली असते आणि ते भडकायला लागलेले असतात. काटा कमी दाखवत असताना विस्तव वाढत असतो. आम्ही कामावर सर्व्हरचे आलेख बघतो तेव्हाही हीच पंचाईत असते. दिसतो तो आकडा जुना असतो, आणि आपण निर्णय आत्ताचा समजून घेतो.

यावर यंत्र आहे. बुडाच्या झरोक्याला छोटा पंखा जोडायचा, तापमापकाची तार आत सोडायची, आणि पीआयडी नावाचं गणित पंखा चालू-बंद करत राहतं. चूक किती आहे, ती किती वेळ साचली आहे आणि ती कुठल्या वेगाने बदलते आहे, या तीन गोष्टींवर ते हवा ठरवतं. माझ्या एका सहकाऱ्याकडे ते आहे. तो रात्री झोपतो आणि फोनवर आलेख बघत उठतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पहाटे तीनला अंगणात उभं राहणं हा काही चारित्र्याचा दाखला नव्हे. पण पंखा राखतो ते भांड्यातलं तापमान. मांस आतून काय करतंय, त्यावर त्याचा काही इलाज चालत नाही.

मांस काय करतं, ते मला सगळ्यात लक्षात राहिलं गेल्या नोव्हेंबरात. आमच्यातला एक मित्र, सोलापूरचा, सप्टेंबरात नोकरीवरून कमी झाला होता. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्याचे साठ दिवस संपत आले होते. सोमवारी विमान, म्हणून रविवारी एक वाजता सोळा जणांचं जेवण माझ्याकडे ठेवलं. शनिवारी रात्री नऊला खांदा चढवला. मित्र म्हणाला, "घरी बॅगा बघत बसण्यापेक्षा इथेच बसतो." दोन खुर्च्या, एक घोंगडी, चहाचा थर्मास.

बारापर्यंत मांसातला काटा व्यवस्थित चढत गेला. तीनला ६८ अंश. चारला ६९. पाचला पुन्हा ६९. भांडं एकशे दहावर स्थिर होतं, निखारे छान होते.

"बिघडलाय का रे काटा?" त्याने विचारलं.

"नाही. इथे थांबतोच तो."

"किती वेळ?"

"चार तास. कधी सहा."

"मग खालचं उघड ना पूर्ण."

याला इथे 'स्टॉल' म्हणतात, आणि तो का येतो याबद्दल बरीच वर्षं बार्बेक्यूवाल्यांमध्ये वेगवेगळे तर्क चालत. कुणी म्हणे चरबी वितळताना उष्णता खाते, कुणी म्हणे मांसातले चिवट धागे सुटताना खातात. ग्रेग ब्लॉन्डर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ओला स्पंज आणि चरबीचा गोळा स्मोकरमध्ये ठेवून बघितलं. चरबी थांबली नाही. स्पंज थांबला. म्हणजे हा सगळा बाष्पीभवनाचा खेळ. मांसाच्या पृष्ठभागावर पाणी येतं, त्याची वाफ होते, आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी वीस अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसहा पटींहून जास्त त्याची वाफ करायला लागते. विस्तव जेवढं देतो तेवढं वाफ नेते. काटा जागच्या जागी.

मी त्याला म्हटलं, "माठ आहे हा. सोलापूरच्या उन्हात माठातलं पाणी गार का राहतं? तसंच."

तो हसला. म्हणाला, "चाळीस अंशातला माठ ऐकलाय, एकशे दहातला पहिल्यांदाच बघतोय."

माठाचं पाणी गार राहू नये असं वाटत असेल तर माठाला बाहेरून रंग फासायचा. पाझर बंद, गारवा बंद. इथेही तेच करतात. मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं की वाफ अडते आणि काटा पुन्हा चढायला लागतो. तोटा एवढाच की बाहेरचा काळसर कुरकुरीत थर थोडा मऊ पडतो. तिसरी वाट म्हणजे आच वाढवायची, पण मग कडा वाळतात. आणि चौथी म्हणजे थांबायचं. मधल्या तासांत आत काही घडत नसतं असंही नाही. खांद्यासारख्या राबत्या स्नायूत कोलॅजनचे चिवट धागे असतात, आणि ते जिलेटिन होऊन मऊ व्हायला सत्तर अंशांच्या आसपास आणि त्यावर पुष्कळ वेळ मिळावा लागतो. घाईने नव्वदला पोहोचलेला तुकडा शिजलेला असतो, पण सुटत नाही.

आम्ही सातपर्यंत थांबलो. थर हवा तसा झाला होता, म्हणून मग गुंडाळला. मधले दोन तास आम्ही फारसं बोललो नाही. साठ दिवसांत त्याने शेकडो अर्ज केले होते, मुलाखती दिल्या होत्या, ओळखीतल्या सगळ्यांना विचारून झालं होतं. तो हात बांधून बसला नव्हता, तरी काटा हलला नव्हता. मांस का थांबलंय याचं कारण मला माहीत होतं, म्हणून मला शांत बसता येत होतं. त्याच्या बाबतीत तसं कारण माझ्याकडे नव्हतं. आणि मांसाची उपमा त्याला देऊन 'होईल सगळं' म्हणण्याइतका मी त्या वेळी निर्ढावलेला नव्हतो. थर्मासमधला उरलेला चहा दोघांत ओतला, एवढंच.

साडेअकराला काटा ९५ वर आला. सळई आत लोण्यात जावी तशी गेली. तुकडा तसाच गुंडाळलेला टॉवेलात लपेटून बर्फाच्या रिकाम्या पेटीत ठेवला. गार ठेवणारी पेटी गरमही तितकीच इमानाने ठेवते. एक वाजता सोळा माणसं, हाताने सुटणारं मांस, कुणीतरी आणलेला ठेचा आणि पाव. सोलापूरकराने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "शेंगाचटणी पाहिजे होती." ती त्याच्याच बॅगेत निघाली.

जेवणं झाल्यावर मी दोन्ही झरोके बंद केले. हवा तुटली की विस्तव विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. असा कोंडलेला कोळसा विझल्यासारखा दिसतो तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. त्या वायूला वास नसतो. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. ग्रिल घरात, गॅरेजात, बंद गॅलरीत कधीच आणू नका. पाऊस आला तर मांस आत न्या, विस्तव बाहेरच राहू द्या.

मित्र आता सोलापुरात आहे. घरून काम मिळालं आहे, पगार निम्म्याहून कमी. गेल्या महिन्यात त्याने एका फॅब्रिकेशनवाल्याकडून जुनं पिंप उभं कापून ग्रिल करून घेतला. कोळसा गावातूनच मिळतो, वेड्या बाभळीचा. ही वेडी बाभूळ आणि टेक्सासमधली मेस्कीट या एकाच कुळातल्या बहिणी. इथे मेस्कीटचा कोळसा छान छापील पिशवीतून महाग विकला जातो, तिकडे तेच झाड बांधावरची पीडा समजलं जातं.

पण त्याने कोळशाबद्दल जे पाठवलं त्याने मी थोडा थांबलो. कोळसा पाडणाऱ्यांची भट्टी तो बघून आला होता. लाकडं रचायची, वरून पाला आणि माती लिंपायची, आत विस्तव सोडायचा आणि मग कित्येक दिवस राखण करायची. माती तडकली तर हवा आत शिरते आणि सगळ्या लाकडाची राख होते. हवा अगदीच तुटली तर लाकूड कच्चं राहतं. म्हणून रात्री-अपरात्री उठून फटी बुजवायच्या, भोकं पाडायची. महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणात कातकरी करतात. पावसाळा संपला की रायगडातली कितीतरी कुटुंबं ठेकेदाराकडून उचल घेऊन लांबच्या भट्ट्यांवर जातात आणि उचल फिटेपर्यंत तिथेच राबतात. माझे चौदा तास म्हणजे हौस. कोळसा माझ्या हातात येण्याआधी कुणीतरी तीच हवा दिवसच्या दिवस सांभाळलेली असते, पंख्याशिवाय, आणि झोपायची सोय नसताना.

मित्राने शेवटी एक प्रश्न विचारला होता: "पिंपाच्या बुडाला भोक केवढं ठेवू?"

मी लिहिलं, लागेल त्यापेक्षा मोठं ठेव, पण त्याला सरकती पट्टी लाव. आणि पट्टी सरकवलीस की वीस मिनिटं घड्याळाकडे बघ, काट्याकडे नको.